विषय: ग्रंथोत्सवाची मांडणी – क्ष आणि ज्ञ कुठे ठेवायचे?

प्रेषक: मांडणी गट

मंडळी, नमस्कार.

ग्रंथोत्सवासाठी स्वयंसेवकांची नावं भराभर आली, मनापासून आभार. विक्रीच्या टेबलावर उभं राहायला बहुतेकांची तयारी आहे. मला मात्र आदल्या रात्री खोकी उघडायला आणि शेवटच्या संध्याकाळी आवरायला माणसं हवी आहेत, आणि तिथे नावं फार कमी आहेत.

गेल्या खेपेपासून एक गोष्ट मनात सलते आहे. एक आजी क्षीरसागर आडनावाच्या लेखकाचं पुस्तक मागत होत्या. यादीत प्रत दिसत होती, पण टेबलावर मिळेना. 'संपलं असेल' म्हणून मी त्यांना परत पाठवलं. संध्याकाळी आवरताना ते सापडलं, शेवटच्या टेबलावर, 'ह'च्याही पुढे. यादीत ते 'क'मध्ये होतं, म्हणून मी तिथेच शोधत राहिले; लावणाऱ्याने मुळाक्षरांप्रमाणे अगदी योग्य जागी लावलं होतं. पुस्तक समोर असून वाचक रिकाम्या हाताने गेला. यंदा असं होता कामा नये.

---

प्रेषक: नोंदणी गट

ताई, नमस्कार. हा घोळ यादीच्या क्रमाचा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'क्ष' हे वेगळं अक्षर नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं आहेत. म्हणून नुसता चिन्हांच्या क्रमाने लावला की तो 'क'मध्ये जातो आणि 'ज्ञ' 'ज'मध्ये. 'ळ'चंही तेच. त्याचा क्रमांक 'ल'च्या लगेच नंतरचा आहे, आपण मात्र तो 'ह'नंतर म्हणतो. त्यामुळे यादीत काळे आधी आणि कासार नंतर. मुळाक्षरांप्रमाणे बरोबर उलट.

टेबलं यादीप्रमाणेच लावली तर? दोन्हीकडे एकच क्रम होईल.

---

प्रेषक: मांडणी गट

नको रे. तुझी यादी आपण चारजण बघणार, टेबलापाशी वाचक स्वतः येणार. तो शाळेत पाठ केलेल्या क्रमानेच शोधतो. टेबलं मुळाक्षरांप्रमाणेच राहू देत, तू यादीत टेबल क्रमांकाचा एक रकाना घाल. 'क'च्या पाटीखाली 'क्ष शेवटच्या टेबलावर' अशी चिठ्ठीही लावू.

---

प्रेषक: एक सभासद

माझ्या मुलीला यायचं आहे. मराठी वाचते, पण एकेक अक्षर लावत. तिला जमेल असं काही आहे का?

---

प्रेषक: मांडणी गट

अगं, जरूर पाठव. पाट्या तिच्याकडेच देते. पाट्या लागल्या की यादी घेऊन टेबलांवरून एक फेरी मारू दे. भराभर वाचणारा आडनावाचा आकार पाहून पुढे सरकतो. ती प्रत्येक अक्षरावर थांबेल, आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक असंच सापडतं.

खोकी उघडणाऱ्यांना एक विनंती. दाटीतलं पुस्तक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, तिथेच बांधणी फाटते. शेजारची दोन पुस्तकं किंचित मागे ढकला आणि हवं ते मधोमध धरून काढा. खोकी लहानच घ्या. मोठं खोकं भरलं की एकट्याला उचलवत नाही.

नोंदणीवाल्या दादा, रकाना झाला की यादी इथेच पाठव. 'क्ष'ची चिठ्ठी मी आजच लिहून ठेवते.