आज जेवायला काय केलंस?

गेल्या दिवाळीनंतर ऑफिसच्या तपासणीत माझं एचबीएवनसी 7.4 आलं. ही तपासणी रक्तातल्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते, त्यामुळे 'आदल्या दिवशी लाडू खाल्ला होता' ही सबब चालत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं, रात्री काय जेवता? मी म्हटलं, साधंच. परत येताना रिक्षात आठवून पाहिलं, तर त्या आठवड्यात एकदाही मी ताट वाढून घेतलं नव्हतं.

मुलगा पुण्याला, नवरा जहाजावर. रबाळ्याहून ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून बसने घोडबंदर रोडच्या कोंडीतून कासारवडवली. घरी पोचेपर्यंत साडेआठ. मग ओट्याशी उभ्यानेच चहा-खारी, फार तर मुरमुऱ्यांचा चिवडा. एकटीसाठी कुकर कोण लावणार?

चिपळूणच्या ताईला हे सांगितलं. तिचा स्वभाव पाहता अर्धा तास ऐकून घ्यावं लागणार असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "रोज रात्री ताटाचा फोटो टाक. जे असेल ते. मीही टाकते."

तेव्हापासून चाललंय. मी मोड आलेल्या मुगाची उसळ टाकते, ती कुळथाचं पिठलं. कधी दोघींकडे एकाच वेळी वांगं निघतं, मग तिच्या वांग्याला शेतातल्या वांग्याचा माज असतो. एकदा कंटाळून चहा-खारीचा फोटो टाकला. उत्तर आलं, "हं." आमच्या आईचा 'हं' होता तो. रात्री पावणेदहाला उठून भाकरी थापली.

चार महिन्यांनी आकडा 6.8 झाला. गोळी चालूच आहे, त्यामुळे सगळं श्रेय फोटोला देऊ नका. पण रविवारी कडधान्य भिजत घालायची आठवण मला गोळीने करून दिली नाही.

तुमच्याकडे काय चालतं? फोनमुळे घरचं जेवण सुधारलं, बिघडलं, कोणी जवळ आलं, कोणाशी वाजलं? रेसिपी नकोत, त्या उदंड आहेत. घडलेलं सांगा. फसलेलं असेल तर आधी तेच.

नेरुळहून, वय 67

आमचं फसलेलंच आहे, म्हणून पहिला नंबर लावतो.

मुलीच्या बाळंतपणासाठी ही चार महिने बंगळुरूला गेली. तोवर मला स्वयंपाकघरात पाण्याचा माठ कुठे असतो एवढं ठाऊक होतं. पहिले आठ दिवस डबा लावला, तेलाचा तवंग बघून बंद केला. मग हिने व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू केली. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि मी समोर उभा, परीक्षेला बसल्यासारखा.

पहिल्या दिवशी भात झाला नाही, खळ झाली. दुसऱ्या दिवशी हिने बोटाच्या पेराचं माप सांगितलं: तांदळाच्या वर एक पेर पाणी. माझं पेर की तुझं, असं विचारल्यावर पलीकडे मायलेकी पाच मिनिटं हसत होत्या.

खरी गंमत फोडणीची. फोनच्या कॅमेऱ्यात कढईच्या आतलं तिला काही दिसायचं नाही. ही कानाने स्वयंपाक करायची. "अहो, मोहरी अजून तडतडली नाही. थांबा. थांबा. आता हिंग!" तिकडे नातवाला मांडीवर घेऊन, इकडच्या कढईवर लक्ष. सहाशे मैलांवरून माझी मोहरी तिला ऐकू यायची आणि पुढ्यात असून मला नाही. वासाचं मात्र फोनला जमत नाही. लसूण दोनदा कोळसा झाला, ते तिला माझ्या खोकल्यावरून कळलं.

यातून निघालेली एक गोष्ट सांगतो. मला रक्तदाब आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. हे डॉक्टर दहा वर्षं सांगताहेत आणि मी 'आमच्याकडे अळणीच असतं' असं सांगत आलो. स्वतः मीठ घालायला लागल्यावर पहिल्यांदा मोजलं. आमटी-भाजीत बेताचंच होतं. वर लोणचं, भाजलेला पापड आणि ताकात चिमूट, हे सगळं माझं. बायकोवर उगाच बिल फाडत होतो.

ठाण्यातून, चरई

आमचं प्रकरण हसण्यासारखं नव्हतं. बाबांना त्यांच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर 'रोज सकाळी कच्च्या दुधीचा रस, हृदयाचे ब्लॉकेज गायब' असा निरोप आला. खाली कुठल्याशा डॉक्टरचं नाव, वर हात जोडलेले. बाबा शिस्तीचे. पंधरा दिवस रस चालला. सोळाव्या दिवशी रस कडू लागला, पण 'औषध कडूच असतं' म्हणून अख्खा पेला संपवला. तासाभरात उलट्या, पोटात कळा, रक्तदाब खाली. दोन दिवस सलाइनवर काढले.

म्हणून इथे सगळ्यांसाठी लिहिते: दुधी, काकडी, दोडका कापल्यावर टोकाचा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खी फळभाजी फेकून द्या. त्यातलं कुकुर्बिटासिन हे कडू विष शिजवूनही जात नाही. आमची आजी दुधी चिरताना न चुकता तुकडा तोंडात टाकायची. आम्हाला वाटायचं सवय आहे.

आता बाबाच त्या ग्रुपचे फौजदार झालेत. व्हॉट्सॲपवर फार वेळा पुढे पाठवलेल्या निरोपावर दोन बाण असतात आणि एप्रिल 2020 पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, हे त्यांना नातवाने दाखवलं. आता दोन बाण दिसले की बाबा लिहितात, "स्वतः करून पाहिलंत का?" दोघांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. चालायचंच.

धागाकर्ती

काका, पेराचा प्रश्न मलाही कायम पडतो. चरईच्या ताई, आज रात्रीपासून दुधीचा तुकडा चाखणार. बाबांना नमस्कार सांगा.

वर्तकनगरहून

मी मूळचा विदर्भातला, ठाण्यात तीन वर्षं. पावसाळा लागला की जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात: टाकळा, फोडशी, कुर्डू, कंटोळी. मला एकही ओळखता यायची नाही. पण आमच्या मजल्यावरच्या सीकेपी काकूंनी मला त्यांच्या 'पावसाळी भाज्या' नावाच्या सहा जणांच्या ग्रुपात घेतलं. बाजारातून फोटो टाकायचा, काकू नाव सांगतात, कसं निवडायचं सांगतात.

जूनमध्ये एकीकडे जांभळट कोंबांच्या जुड्या दिसल्या. फोटो टाकला. काकूंचं उत्तर, "शेवळं! घे घे घे." मी दोन जुड्या घेतल्या. बाई सोबत हिरवी बोरांसारखी फळं देत होत्या. मला वाटलं, ही काहीतरी गळ्यात मारतेय. 'नको मावशी' म्हणून मी ऐटीत निघालो. घरी येऊन कांद्यावर परतली आणि खाल्ली.

मित्रहो, घशात कोणीतरी काचेची लोकर कोंबली असं वाटलं. काकूंचा पुढचा निरोप तेव्हा वाचला, चाळीस मिनिटं आधी आलेला: "काकडं घ्यायला विसरू नकोस, नाहीतर खाजतील." सोबतची ती फळं म्हणजेच काकडं. सुरणात आणि अळूत असतात तसेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक शेवळात असतात, म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि आंबट घालून नीट शिजवायचं. काकू आमसुलं घेऊन धावत आल्या. एक माझ्या तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "बाजारात विकणारीचं ऐकावं रे, ती रोज खाते."

पुढच्या रविवारी त्यांनी कोळंबी घालून शेवळं केली, पातेलंभर. तीन वर्षांत ठाण्यात कोणाच्या घरी पाटावर बसून जेवलो ते त्याच दिवशी. घरी आईला फोटो पाठवला. तिने विचारलं, हे काय भयंकर खातोस?

ऐरोली, दिवा कोळीवाडा

आमच्या घरच्या ग्रुपात लिहायला बंदी आहे. आजीला वाचता येत नाही, म्हणून चौदाही जणांनी फक्त बोलून पाठवायचं, हा नियम काकाने घातला. सुरुवातीला आम्ही पोरी वैतागलो. पण मासळी साफ करताना हात खवल्यांनी भरलेले असतात, तेव्हा टाइप कोण करणार? कोपराने बटण दाबायचं आणि बोलायचं. आता उरणच्या आत्याचा निरोप लावला की पाठीमागे तिचा पाटा, कोंबड्या, शेजारणीचं भांडण सगळं ऐकू येतं. आजी दिवसातून दहा वेळा पाठवते. त्यातले आठ फक्त "जेवलीस का गो?" एवढेच.

खारघर

उलटा अनुभव चालेल ना? मी रात्रपाळी करते. पाळी नसलेल्या रात्री एक-एक वाजेपर्यंत स्वयंपाकाच्या रील बघायचे. चीज ओढलं जातंय, तूप ओतलं जातंय. आणि हातात ग्लुकोजची बिस्किटं. वर्षभरात एकही पदार्थ करून पाहिला नाही, वजन मात्र सहा किलो वाढलं. घरच्यांच्या ग्रुपावर सगळ्यांचे सणाचे फोटो बघून आणखी एकटं वाटायचं, ते वेगळंच. ते ॲप काढून टाकलं, ग्रुप म्यूट केला. आता रविवारी सकाळी आईला साधा फोन करते, तासभर. ती भाजी निवडते, मी भाजी निवडते. फोटो नाही. धागाकर्तींना फोटो लाभला, मला लाभला नाही, एवढंच.

ठाणे, तलावपाळी

आम्हा सातजणींचा सकाळी चालायचा ग्रुप आहे. मासुंदा तलावाला चार फेऱ्या, मग कोणीतरी लिहितं, "आज वडापाव?" चालणं किती झालं ते घड्याळ सांगतं. वडापाव किती झाले ते कोणी लिहीत नाही.

धागाकर्ती

खारघरच्या ताई, चालेल म्हणजे काय, हवाच होता. मलाही पहिल्या महिन्यात ताटात कोशिंबीर 'फोटोपुरती' वाढायची खोड लागली होती. ताईने ओळखलं. "काकडी कालचीच आहे ना?" म्हणाली.

पुन्हा नेरुळहून

काही जणांनी विचारलंय म्हणून लिहितो. ही परत आली त्याला दीड महिना झाला. स्वयंपाक आता वाटून घेतलाय, संध्याकाळची आमटी माझी. ही बाहेरच्या खोलीत नातवाचे व्हिडिओ बघत बसते, आवाज मोठा करून. मला वाटलं, आता तरी सुटलो. काल तेल तापायच्या आधी मोहरी टाकली. बाहेरून आवाज आला, "अहो, घाई झाली!"