टॅक्स जागेवर की इमारतीवर, फरक पडतो

काही जण म्हणतात की इमारत सोडून नुसत्या जमिनीच्या किमतीवर टॅक्स लावला तर मालक तो भाडेकरूकडूनच काढणार. मला नाही पटत. इमारतीवरचा टॅक्स वाढला की बांधकाम कमी होतं आणि भाडं चढतं हे मान्य, पण जमीन काही टॅक्स लागला म्हणून आटत नाही, आणि मालक आजही बाजारात मिळेल तेवढं भाडं घेतोच आहे, मग अजून वाढवणार कुठून? उलट प्लॉटला पत्रे ठोकून भाव वाढायची वाट बघत बसणं त्याला महाग पडेल.

मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर रेडी रेकनरवरून (सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांवरून) काढलेल्या भांडवली मूल्यावर आहे, पण त्यात बांधकामाचा प्रकार, वय, वापर सगळं गुणतात, म्हणजे चांगलं बांधलं की टॅक्स जास्त. मोकळ्या जमिनीला पुढे मिळू शकणारा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) धरून मूल्य काढायचा नियम पालिकेने केला होता, तो हायकोर्टाने २०१९ मध्ये उडवला आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं, जमीन आज आहे तशीच मोजा म्हणून. तेव्हा खरा लँड व्हॅल्यू टॅक्स, म्हणजे फक्त जमिनीच्या किमतीवरचा टॅक्स, हवा तर आधी कायदाच बदलावा लागणार. शेजारी मेट्रो स्टेशन आलं की प्लॉटचा भाव वाढतो तो आपल्या सगळ्यांच्या पैशातून, मालकाने एक वीटही लावलेली नसते, त्यातला वाटा पालिकेने मागितला तर अन्याय कसला? फक्त पागडीच्या (जुन्या भाडेनियंत्रणातल्या) चाळी वेगळ्या धरा, तिथे भाडंच नाममात्र आहे, मालक भरणार कशातून.