मदत हवी आहे: फक्त हिरव्या गाड्यांचा संग्रह, कपाटात कोणता दिवा लावू?

नमस्कार मंडळी,

मी फक्त हिरव्या डायकास्ट गाड्या (साच्यात ओतलेल्या धातूच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या) जमवतो. ब्रँडचं बंधन नाही. स्केल १:६४ च्या आसपासचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या साधारण चौसष्टाव्या भागाएवढं, त्यामुळे हॉट व्हील्स, मॅचबॉक्स, माजोरेट, टोमिका सगळ्या एकाच कपाटात राहतात. हिरवाच का, तर ब्रिटिश रेसिंग ग्रीनसाठी. १९०३ साली गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, ब्रिटिश गाड्या तिथे हिरव्या रंगात उतरल्या आणि पुढे जॅग्वार, लोटस, बेंटली यांनी तो रंग मिरवला. त्या गडद हिरव्यापासून सुरुवात झाली. मग पोपटी, शेवाळी, मेटॅलिक अशा येतच गेल्या.

आता अडचण. नवीन काचेचं कपाट करून घेतलं, आत पिवळसर एलईडी पट्टी लावली. फिकटपासून गडदपर्यंत लावलेली रांग दिवसाउजेडी सुरेख दिसते, पण संध्याकाळी पट्टी लावली की सगळा क्रम बिघडतो. गडद गाड्या सरळ काळ्याच वाटतात. एक मिनी आणि एक बेंटली दिवसा अगदी जुळ्या दिसतात. पट्टीखाली मिनी निळसर आणि बेंटली मातकट! रंगासाठीच जमवलेल्या गाड्यांचा रंगच दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कोणती पट्टी घेऊ? आणि कपाटासमोर पश्चिमेची खिडकी आहे, दुपारचं ऊन थेट येतं. काचेला फिल्म लावून भागेल का?

अजून एक विचारायचं होतं. मॅचबॉक्सचा १९६५ चा बीपी डॉज टोइंग ट्रक मिळतोय, तेरा नंबरचा. केबिन पिवळी, मागचा भाग हिरवा. अर्धी हिरवी गाडी तुम्ही संग्रहात धराल का?

प्रतिसाद:

दोष तुमच्या रांगेचा नाही, पट्टीचा आहे. दोन कंपन्यांच्या रंगांतली रंगद्रव्यं वेगळी असतात, म्हणून एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) बघा, ९० च्या वर हवा. ४००० ते ५००० केल्विनची पट्टी घ्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). २७००-३००० वाली हिरव्याला मारते. तरीही मिनी-बेंटलीत थोडा फरक राहू शकतो, तेव्हा रांग पट्टीच्या उजेडातच लावा.

फिल्मने अतिनील किरण अडतात, पण दिसणाऱ्या उजेडानेही रंग हळूहळू उडतो. शक्य असेल तर कपाटच दुसऱ्या भिंतीला न्या. नाहीतर दुपारी जाड पडदा ओढून ठेवा. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, चाकांचे लोखंडी दांडे (अॅक्सल) गंजतात.

डॉज जरूर घ्या. मी असतो तर धरली असती. त्याच ट्रकची उलट्या रंगांची, म्हणजे हिरव्या केबिनची, आवृत्ती अतिशय दुर्मिळ आहे. ती कधी मिळाली तर शेजारी ठेवायला ही हवीच.