पणजीत नदीकाठी जेवायला कुठं न्यायचं? आठजण, त्यात मामी शिवराक (शाकाहारी)

फोंडेकार: रविवारी ठाण्याहून मामा-मामी येतायत. स्मार्ट सिटीची खोदकामं सुरू झाल्यापासून मी पणजीत जेवायला म्हणून गेलोच नाही, कामाला जायचं, धूळ खायची नि परत. आता सगळे सांगतात फोंताइनासच्या पोर्तुगीज वळणाच्या जुन्या घरांत एकसे एक रेस्टॉरंटं आलीत. मामाला मांडवी बघत हुमण-शीत (माशाची आमटी-भात) नि इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, तळलेला तुकडा पाहिजे, आईला जिना चढवत नाही. माणशी पाच-सहाशे. सांगा कोणीतरी.

मळ्यातला: नदी नि हुमण एका टेबलावर शोधू नको रे, काठाला बसलास तर समोर कॅसिनोच्या बोटीच दिसणार. आणि जुलैत इसवण? १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणजे ताटात येईल ते बर्फातलं नाहीतर बाहेरच्या राज्यातलं. सध्या खायचं ते खाडीचं नि मानशीचं, म्हणजे खाडीच्या बांधातल्या दारापाशी धरलेलं, मासं. सकाळी मार्केटात बघितली, मानशीतली सुंगटं (कोळंबी), बोटाएवढीच पण मिशा अजून हलत होत्या, शेजारी शेवटे नि काळुंदर हे खाडीचे मासे. ह्याचं आंबाडे (आंबट फळं) घालून हुमण केलं की इसवण कोण विचारतो! हॉटेलात शिरल्या शिरल्या विचार, आज मार्केटातून काय आणलं? वेटर मेन्यूकार्ड पुढं करायला लागला तर उठ. थाळीला अठरा जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक आहे, पण ते वरच्या मजल्यावर, आईंचं बघ, आणि साडेबाराच्या आत पोच.

डिचोलकर: जुन्या घरांचं मला सांगू नका. गेल्या महिन्यात एकात गेलो, नाव घेत नाही, शिंपल्यांच्या खिडक्या, पिवळा दिवा, सगळं झकास. हुमण आलं वाटीत, वाटी कसली, आमच्याकडं लोणचं वाढतात तेवढी, वर कसलीतरी हिरवी पानं टोचलेली. शीत वेगळं, त्याचे पैसे वेगळे. घरी येऊन पेज खाल्ली, देवाशप्पथ.

पाटोवाली: सगळीच तशी नाहीत हो. फोंताइनासातलं व्हिवा पंजिम घरगुतीच आहे, शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा) चांगली असते. गाडी पाटोच्या बहुमजली पार्किंगात ठेवा, ओरें खाडीवरच्या पादचारी पुलावरून चालत पाच मिनिटं. फक्त लोकांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका, तिथले रहिवासी वैतागलेत, नि बरोबरच आहे त्यांचं. मामींना सकाळीच कॅफे टाटो नाहीतर भोसलेत न्या, पातळ भाजी, पाव, एक मिरची भजी. दुपारी मग त्या फक्त सोलकढी मागतील.

फोंडेकार: थँक्स सगळ्यांना. मामाला फोन करून इसवणाचं सांगितलं. म्हणतो, मग तिकीट ऑगस्टचं काढतो.