स्कॉट फ्रॉस्टला आणखी तीन आठवडे द्यायला हवे होते का?

लिंकनकर (धागाकर्ता), १२ सप्टेंबर २०२२

काल इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं. शनिवारी रात्री आम्ही आमच्याच मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरलो आणि रविवारी ॲथलेटिक डायरेक्टर ट्रेव्ह अल्बर्ट्सने निर्णय जाहीर केला. तेव्हापासून आमच्या लिंकन-ओमाहाच्या मराठी मंडळींत दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं असं की चाहत्यांना धीर उरलेला नाही, आपल्या मातीतल्या माणसाला आपणच हाकललं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना या खेळाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडं. नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत आणि राज्यात मोठ्या लीगमधला एकही व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ, हस्कर्स. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधला प्रत्येक सामना नोव्हेंबर १९६२ पासून हाउसफुल्ल आहे. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं. फ्रॉस्ट इथल्याच वुड रिव्हर गावचा. १९९७ साली संघ १३-० (तेरा विजय, शून्य पराभव) होऊन राष्ट्रीय विजेतेपदात वाटेकरी झाला, तेव्हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, तोच होता. पुढे सेंट्रल फ्लोरिडाला कोच म्हणून गेला आणि २०१५ मध्ये एकही सामना न जिंकलेल्या त्या संघाला २०१७ मध्ये १३-० वर नेलं. तो परत येतोय म्हटल्यावर इथे दिवाळी होती.

आता धीराबद्दल. १ सप्टेंबर २०१८, त्याचा पहिला सामना, ॲक्रनविरुद्ध. किकऑफ झाला आणि वीज कडाडायला लागली. आम्ही बापलेक तासन्‌तास ताटकळलो, शेवटी सामना रद्द झाला. कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही, उलट पार्किंगमध्ये लोक म्हणत होते की आता चांगले दिवस येणार. मग पहिले सहा सामने ओळीने हरलो. तरी लोक येत राहिले. ४-८, मग ५-७, मग ३-५, मग ३-९. तरी येत राहिले. एकूण १६ विजय, ३१ पराभव. पाच मोसमांत एकदाही बोल गेम (मोसमाअखेरचा मानाचा सामना, त्याला साधारण सहा विजय लागतात) नाही, शेजारच्या आयोवाविरुद्ध एकही विजय नाही. याला अधीरपणा म्हणायचं असेल तर धीर कशाला म्हणतात ते मला सांगा.

हरणं मला चालतं. मला छळलं ते त्याच त्या पद्धतीने हरणं. एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या, फरकाने संपलेल्या सामन्यांत फ्रॉस्टचे ५ विजय, २२ पराभव आहेत. गेल्या वर्षी इलिनॉयविरुद्ध आमच्या खेळाडूने पंट (समोरच्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) आपल्याच एंड झोनजवळ, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याजवळ, पकडला आणि तिथून चेंडू भिरकावून सेफ्टी, म्हणजे समोरच्याला दोन गुण, बहाल केली. मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटची चार मिनिटंही उरली नव्हती, आम्ही पुढे होतो, तर पंट भलत्या बाजूला गेला आणि समोरच्याने थेट टचडाउन केला. यंदा ऑगस्टमध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) मारायला लावली. गरजच नव्हती. चेंडू त्यांना मिळाला आणि सामना ३१-२८ असा गेला.

शनिवारी ३६ सेकंद उरलेले असताना जॉर्जिया सदर्नने आघाडी घेतली. त्यांनी आमच्याविरुद्ध चेंडू एकूण ६४२ यार्ड पुढे नेला होता. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का आजवर कधीच हरलं नव्हतं: २१४ सामने, २१४ विजय. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारा शेतकरी बसतो, कित्येक वर्षं तीच खुर्ची. आमची शेवटची फील्ड गोल (तीन गुणांची किक) हुकली तेव्हा त्याने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. निर्णय योग्य होता, आणि तो गेल्या नोव्हेंबरमध्येच व्हायला हवा होता.

मिझुरीकाठ

ठाम असहमत. मी ओमाहात राहते, सोळा वर्षं झाली.

करारात लिहिलं होतं की १ ऑक्टोबरनंतर, म्हणजे आणखी तीन आठवड्यांनी, काढलं तर भरपाई ७५ लाख डॉलर आणि त्याआधी काढलं तर दीड कोटी. मधे सामने किती? एक. येत्या शनिवारी ओक्लाहोमा, मग एक आठवडा सुट्टी. म्हणजे एका सामन्यासाठी ७५ लाख डॉलर! हा हिशेब कुणी घरात तरी करेल का? शनिवारची रात्र लोकांच्या डोक्यात गेली आणि रविवारी त्यांचा राग भागवायला निर्णय झाला.

दुसरं, नदीपलीकडे बघा. आयोवाच्या कर्क फेरेंट्झचा पहिला मोसम १९९९ मध्ये १-१० होता. दुसरा ३-९. आज तो तिथेच आहे आणि दर वर्षी आम्हाला हरवतोय. त्यांनी धीर धरला, आपण धरला नाही.

लिंकनकर

फेरेंट्झचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिसऱ्या वर्षी ७-५, चौथ्या वर्षी ११-२. चढण दिसत होती. फ्रॉस्टच्या चौथ्या वर्षी ३-९ होते.

पैशांचं म्हणाल, तर आपला संघ ज्यात खेळतो त्या बिग टेन परिषदेने गेल्या महिन्यातच सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा टीव्ही करार जाहीर केलाय. ७५ लाख ही माझ्या-तुमच्या घराच्या हिशेबाची रक्कम नाही. आणि ज्याला काढायचं मनात ठरलंय त्या माणसाला केवळ कराराची तारीख यावी म्हणून पोरांसमोर उभं करायचं, ओक्लाहोमासारख्या संघासमोर? मला ते जास्त वाईट वाटलं असतं.

टीए_लिंकन

मी इथे पीएचडी करतोय. रक्कम घराच्या हिशेबाची नाही हे बरोबर, पण आमच्या विभागात एका टीएची (शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्याची) जागा वाचवायला दोन बैठका होतात आणि इथे एक माणूस काम थांबवण्याचे दीड कोटी घेऊन जातो. ॲथलेटिक्सचा पैसा वेगळा असतो, तिकिटांचा, टीव्हीचा, देणगीदारांचा, मला माहीत आहे. तरी गिळायला जड जातं.

बाकी काढलं ते योग्य. बरोबरीची पोरं फ्रॉस्टला १९९७ मुळे ओळखतच नाहीत, त्यांचा जन्मही तेव्हाचा नाही. त्यांनी फक्त हरणं बघितलंय.

जुनापंखा

सगळे फ्रॉस्टवर अडकलेत. आपलं पाप २००३ चं आहे.

मी ९० च्या दशकात लिंकनला शिकायला आलो. १९६२ ते २००३ या बेचाळीस वर्षांत नेब्रास्काला तीन कोच होते. बॉब डेव्हनी, टॉम ऑस्बोर्न, फ्रँक सोलिच. बस्स. ऑस्बोर्न पहिली पाचही वर्षं कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून हरला, १९७३ ते ७७. लोक कुरकुरत होते, आणि ७८ च्या शेवटी तो कोलोरॅडोला जायच्या बेतात होता. राहिला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्याला १९९४ मध्ये मिळालं, एकविसाव्या नाही, बाविसाव्या वर्षी! मग ९५, मग ९७. आज त्याचा पुतळा आहे.

आणि सोलिचला आपण ९-३ असताना काढलं. नऊ विजय! पुढच्या वर्षी कॅलाहनने ५-६ केलं, १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा मोसम, आणि ओळीने ३५ वर्षं चाललेली बोल गेमची परंपरा तुटली. मग पेलिनी आला, दर वर्षी किमान नऊ सामने जिंकले, त्यालाही २०१४ मध्ये ९-३ वर घालवला. मग रायली, १९-१९. मग फ्रॉस्ट. झाड दर चार वर्षांनी उपटायचं आणि फळ का येत नाही म्हणून रडायचं. लिंकनकर, तुम्ही म्हणता गरजेपेक्षा जास्त धीर. मी म्हणतो आपण धीर विसरलो त्याला एकोणीस वर्षं झाली.

लिंकनकर

काका, सोलिच आणि पेलिनीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण ऑस्बोर्नचा दाखला फ्रॉस्टला लागू होत नाही. ऑस्बोर्नने पंचवीस वर्षांत एकदाही नऊच्या खाली सामने जिंकले नाहीत. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. लोक त्याच्याकडे मागत होते तो ओक्लाहोमावरचा विजय. फ्रॉस्टकडे आम्ही सहा विजय मागत होतो.

मला तर वाटतं तुमच्या २००३ मुळेच फ्रॉस्टला इतकी वर्षं मिळाली. नऊ सामने जिंकणाऱ्यांना घालवल्याची बोच होती, ती आपण चार-पाच सामने जिंकणाऱ्यावर फेडली. चुकीच्या माणसाला भरपाई केली.

ॲनआर्बरकर

मिशिगनमधून लिहितोय. आमच्याकडे २०२० मध्ये कोच जिम हार्बॉ २-४ होता. कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला एकदाही हरवलेलं नव्हतं. आमच्या घरात मीच म्हणत होतो, घालवा याला. विद्यापीठाने घालवलं नाही, पगार जवळजवळ निम्मा केला आणि त्याने तो मान्य केला. त्याने तरुण सहायक आणले. गेल्या नोव्हेंबरमध्ये ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं, २०११ नंतर पहिल्यांदा. मी बर्फात उभा होतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलो. माझं चुकलं होतं, एवढंच सांगायला आलो.

टीए_लिंकन

फ्रॉस्टचाही पगार गेल्या वर्षी ५० लाखांवरून ४० लाख केला होताच की.

ब्लॅक्सबर्गचीलेक

मग माझंही ऐका. मी व्हर्जिनिया टेकची. फ्रँक बीमर १९८७ ला कोच म्हणून आला. पहिली दोन वर्षं २-९ आणि ३-८. सहावं वर्ष, १९९२: दोन विजय, आठ पराभव, एक बरोबरी. सहावं! धागाकर्ते म्हणतात तशी चढण कुठेच नव्हती, उलट घसरण होती. विद्यापीठाने त्याला ठेवलं. त्याने सहायक बदलले. १९९३ मध्ये ९-३, आणि १९९९ च्या मोसमात संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात. २०१५ मध्ये तो स्वतःच्या मर्जीने निवृत्त झाला.

फ्रॉस्टनेही गेल्या नोव्हेंबरमध्ये आक्रमणाचे चार सहायक काढले, आक्रमण सांभाळायला मार्क व्हिपलला आणलं, टेक्सासहून नवा क्वार्टरबॅक आणला. त्या बदलांना तुम्ही किती सामने दिलेत? तीन. बीमरला असे तीन सामने मिळाले असते तर आज आमच्या गावात काय उरलं असतं?

मिझुरीकाठ

नेमकं हेच. गेल्या वर्षीचे नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी गुणांचे होते. ओहायो स्टेटविरुद्धसुद्धा २६-१७. बुडालेला संघ असा हरत नाही.

आणि अजून एक. सप्टेंबर १९९७ मध्ये याच स्टेडियममध्ये, याच लोकांनी, क्वार्टरबॅक फ्रॉस्टची हुर्यो उडवली होती. स्टॅनफर्डहून परत आलेला, आदल्या वर्षी ॲरिझोना स्टेटकडून १९-० हरलेला, म्हणून लोकांना नकोसा. सामना कुणाविरुद्ध होता? सेंट्रल फ्लोरिडा. ऑस्बोर्नने क्वार्टरबॅकची जागा त्याच्याकडेच ठेवली. पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनला जाऊन जिंकले आणि तिथून विजेतेपदापर्यंत गेले. त्या वेळी एका माणसाने धीर धरला म्हणून तुमचा १९९७ झाला.

नवीनच

मी कोल्हापूरचा, इथे येऊन एकच वर्ष झालं. आमचं फुटबॉल वेगळं, तालमींचं. पण पेठेतला पोरगा वाईट खेळला की परक्यापेक्षा त्याला जास्त बोलणी बसतात, हे मी बघितलंय. इथेही तेच वाटलं. बाहेरचा कोच असता तर राग आला असता. फ्रॉस्टबद्दल लोक बोलतात तेव्हा आवाजात राग कमी आणि लागलेलं जास्त असतं.

लिंकनकर

बीमरचा मुद्दा दोन दिवस डोक्यात फिरतोय. उत्तर लगेच दिलं नाही कारण सोपं उत्तर नाही. १९९२ मध्ये मी ब्लॅक्सबर्गला असतो तर बीमरला काढा म्हणणाऱ्यांत असतो, हे कबूल करतो. माझी कसोटी त्या वेळी चुकली असती.

पण दोन गोष्टी. बीमर एका अशा संघाला वर काढत होता ज्याला कुणी मोजत नव्हतं, आणि त्याच्याकडची पोरं चार वर्षं हलत नव्हती. आज ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना विद्यापीठ बदलायची सोय) आहे, गेल्या वर्षापासून खेळाडू एकही मोसम न गमावता दुसरीकडे जाऊ शकतो. कोचबद्दल तळ्यात-मळ्यात ठेवलं तर डिसेंबरमध्ये अर्धा संघ निघून जातो. आता तशी वर्षं कुणालाच मिळत नाहीत. मला त्याचं दुःख आहे.

दुसरी: सहायक बदलले हे खरं, पण डब्लिनची ऑनसाइड किक व्हिपलने मारायला लावली नव्हती. तो निर्णय आपला होता असं फ्रॉस्टनेच नंतर सांगितलं. माणसं बदलूनही निसटतं जिंकणं जमत नव्हतं, आणि ते शिकवायचं काम त्याचंच होतं. मिझुरीकाठ, तुम्ही नऊ गुणांचा आकडा त्याच्या बाजूने मांडता. मी तोच त्याच्या विरोधात मांडतो.

१९९७ ची हुर्यो मात्र लागली. ते तुम्ही काढायला नको होतं. मी त्या वर्षी इथे नव्हतो, पण माझ्या पुढचा तो म्हातारा असणार.

जुनापंखा

होता. आम्ही सगळेच होतो. मी ओरडलो होतो.

टीए_लिंकन

शनिवारी मिकी जोसेफ साइडलाइनवर असेल. तोही इथलाच जुना क्वार्टरबॅक, आणि नेब्रास्का फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच, हंगामी का असेना. त्याला तरी तीन सामन्यांत मोजू नका.

लिंकनकर

नाही मोजणार. आणि जो कुणी कायमचा येईल त्याच्यासाठी आत्ताच इथे लिहून ठेवतो: तीन पूर्ण मोसम मी कोचच्या नोकरीबद्दल एक शब्द बोलणार नाही. पाचव्या मोसमात तीच चूक दिसली तर मात्र बोलेन. हा धागा वर काढून मला दाखवा.

शनिवारी सामना सकाळी अकराला आहे. यंदा पहिल्या स्कोअरला लाल फुगे सोडणार नाहीत, हेलियमची टंचाई आहे. मुलगी आता शिकागोला असते, त्यामुळे तिची जागा रिकामी आहे. मिझुरीकाठ, येता का?

मिझुरीकाठ

येते. ओमाहातून आठला निघेन. फ्रॉस्टच्या जुन्या नंबराची जर्सी आहे माझ्याकडे, ७ नंबरची. तीच घालणार.

लिंकनकर

घाला. म्हाताऱ्याला आवडेल.