बंद मोबाईल द्या, टब घ्या? सात जुने फोन आहेत, नागपुरात नेमके कुठे द्यावेत?

खिडकीतली चिमणी
सुट्ट्यांत दिवाण आवरायला काढला आणि श्रीखंडाच्या डब्यातून सात फोन निघाले. बाबांचा नोकिया ११००, आणखी दोन बटणवाले, तीन अँड्रॉइड (दोन ठार बंद, एकाची काच फुटली आहे पण चालतो) आणि भावाचा आयफोन, ज्याचा पासकोड त्याला स्वतःलाच आठवत नाही.

आमच्याकडे मनीषनगरात बाईकवर भोंगा लावून एक जण येतो. बंद मोबाईल द्या, टब घ्या. आईचा डोळा त्या निळ्या टबावर आहे. बाबा गेल्यापासून नोकियाला मात्र ती हात लावू देत नाही, तो सोडून बाकी सगळं न्या म्हणते. मीच अडवून धरलंय. एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले, तर तिथला मुलगा म्हणे, "मॅडम, जुने फोन टाकायचा डबा होता पहिले, आता नाही आहे." पुढे काही विचारायच्या आत त्याने पुढचा टोकन नंबर पुकारला.

पैसे नकोत. फक्त हे कुठे तरी नाल्याकाठी जाळले जाऊ नयेत आणि आमचे फोटो कोणाच्या हाती लागू नयेत. कोणी स्वतः दिले असतील तर सांगा.

बर्डीवरचा
टब किती लिटरचा आहे ते आधी सांगा ताई, मग सल्ला देतो.

तर्री मारके
टबवाल्याला देऊ नका जी, थट्टा नाही. २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडमला पोलिसांनी असेच गल्लोगल्ली जुने फोन गोळा करणारे पकडले होते, जवळपास ४,००० फोन सापडले. ते दुरुस्त करून सायबर ठगांना पुरवायचे असा आरोप होता. आयएमईआय (म्हणजे फोनचा ओळख क्रमांक) तुमच्या फोनचा आणि धंदा दुसऱ्याचा. प्रत्येक टबवाला चोर असतो असं नाही, पण आपल्याला कसं कळणार?

सोल्डरवाला
मी बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर अकरा वर्षं बसून राहिलो, म्हणून लिहितो.

सातही फोन एका पारड्यात टाकू नका. जो चालतो त्याची काच बदला आणि कोणाला तरी वापरायला द्या. रिसायकलिंग हा शेवटचा नंबर आहे, पहिला नाही. फोन बनवतानाच जे खाणकाम नि वीज लागून गेली, ती वितळवून परत येत नाही. देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. लोक उलटं करतात, बटणं दाबून थेट रीसेट मारतात, मग पुढचा माणूस जुना पासवर्ड मागणाऱ्या पडद्यासमोर बसतो. महिन्यातून दोन-तीन असे फोन माझ्याकडे येतात. त्याआधी सिम, मेमरी कार्ड काढा, यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनवर नीट चालू झालं का बघा.

आयफोनचा पासकोड विसरला तरी कॉम्प्युटरला जोडून रिस्टोअर होतो, पण अ‍ॅपल आयडीचा पासवर्ड लागतोच. तो मिळाला नाही तर पुढच्या माणसासाठी तो फोन म्हणजे वीट. भावाला बसवा कामाला.

बंद पडलेल्यांतून आम्ही चार्जिंग जॅक, कॅमेरा, स्पीकर काढून दुसऱ्या फोनला लावतो. हा पण पुनर्वापरच आहे, कोणी मानो न मानो. उरलेला बोर्ड मात्र भंगारात जातो आणि तिथून पुढे कुठे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून बंद दोन माझ्यासारख्याला देऊ नका.

जुनी फाईल
सर्व्हिस सेंटरमधला डबा का गेला असेल, त्याचा अंदाज देतो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. कंपनीला ठरलेल्या टक्क्यांइतका कचरा रिसायकल झाल्याचं दाखवावं लागतं: पहिली दोन वर्षं ६०, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. पण त्यासाठी ती नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊ शकते. मग काउंटरवरच्या डब्याची काळजी कोण करतो?

म्हणून थेट रिसायकलर गाठा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-वेस्ट पोर्टलवर नोंदणीकृतांची यादी आहे. त्यातले नागपूर जिल्ह्यातले पत्ते काढा आणि फोन लावा. "आम्ही सरकारमान्य" असं बोर्डावर कोणीही लिहितो, नाव यादीत असलं तरच खरं.

बर्डीवरचा
आणि त्यातलं सोनं?

जुनी फाईल
अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशोब आहे: १० लाख फोनमधून साधारण ३४ किलो. म्हणजे एका फोनमागे ३४ मिलिग्रॅम. तुमच्या बायकोची नथ व्हायची नाही. तेवढं काढायला गल्लीत अ‍ॅसिडची बादली घेऊन बसणारे आहेत, आणि बादली शेवटी नाल्यातच ओततात. कारखान्यात नीट गोळा झालं तर काय होतं बघा: टोकियो ऑलिम्पिकची सगळी पदकं जुन्या उपकरणांच्या धातूतून केली, त्यात ६२ लाख फोन होते.

खिडकीतली चिमणी
सगळ्यांना धन्यवाद. एक राहिलं. बंद दोघांपैकी एकाचा स्क्रीन कडेने वर आला आहे, फटीत नख जातं. ढकलला की परत वर येतो. हे काय?

सोल्डरवाला
ढकलू नका!! बॅटरी फुगली आहे. नागपूरचा मे आणि दिवाणातली गरमी, होणारच. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, उघडून बघायचं डोकं चालवू नका. आत्ताच्या आत्ता दिवाणातून बाहेर काढा, लोखंडी डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा आणि डबा गच्चीवर नाही, सावलीत, पडदे-गाद्यांपासून दूर. झाकण घट्ट लावू नका. रिसायकलरला पहिल्याच फोनमध्ये सांगा की एक फुगलेला आहे.

खिडकीतली चिमणी
तीन आठवड्यांनी लिहितेय. यादीतल्या दोघांना फोन केला. पहिला म्हणाला, सहा फोनसाठी गाडी पाठवणं परवडत नाही. बरोबरच आहे त्याचं. मग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि रविवारी पार्किंगमध्ये खोका ठेवला. ३८ फोन, चार्जरच्या वायरींचा गुंता, दोन सेटटॉप बॉक्स, आणि एका काकांनी हळूच ठेवलेला मिक्सर. दुसऱ्या रिसायकलरची गाडी आली, वजन करून पावती दिली. फुगलेला फोन त्यांनी वाळूसकट वेगळा नेला. बंद फोनचे बोर्ड तोडले जातात का, विचारलं. प्रमाणपत्र ईमेलने पाठवतो म्हणाले, अजून आलं नाही, मागे लागले आहे.

फुटक्या काचेचा आता आमच्या मावशींच्या मुलीकडे आहे, अकरावीचे क्लास त्यावर बघते. भावाला पासवर्ड आठवला, आयफोन त्यानेच परत घेतला.

टब आलेला नाही. आई बोलत नाही.

नोकिया ठेवला. बाबांचे मेसेज त्यात आहेत, तिला वाचायचे आहेत. बॅटरी गेली आहे. ती मिळते का अजून?

सोल्डरवाला
बीएल-५सी. भजनाच्या डबीत, एफएम रेडिओत तीच असते, कुठेही मिळेल. जुनी मात्र परत लावू नका. २००७ मध्ये नोकियाने याच मॉडेलच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली होती, चार्ज होताना तापायच्या म्हणून. तेव्हा अख्खं गाव बॅटरी उलटी करून नंबर वाचत होतं.

खिडकीतली चिमणी
आणि चार्जर? जाड पिनवाला. आमचा त्या खोक्यात गेला वाटतं.

बर्डीवरचा
माझ्या ड्रॉवरात तीन पडले आहेत. शनिवारी मनीषनगरला येऊनच राहिलो. टब पण आणतो काकूंसाठी.