मराठीतल्या कुठल्या चुका आणि प्रवासातल्या कुठल्या सवयी तुम्हाला खटकतात?

परवा रात्रीच्या गाडीत समोरचा मुलगा फोन स्पीकरवर टाकून तासभर बोलत होता आणि प्रत्येक वाक्यात "माझी मदत कर", "मला भीती लागते". अरे, मला मदत कर, भीती वाटते! हिंदीतून उचललेलं हे मराठी ऐकून खरंच वाईट वाटतं. तुमचं काय?

घाटवाट
"पाऊस होतोय" पण. पाऊस पडतो हो! आणि प्रवासाचं म्हणाल तर गडावर नावं कोरणारे. लोहगड, रायगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तरी दगडावर बदाम काढायचेच. संरक्षित वास्तूची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे तिथे मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

वऱ्हाडी_पोरगी
हिंदीच्या नकलेबद्दल पटलं, पण "करून राहिलो" म्हटलं की पुण्याकडचे लगेच चूक काढतात त्याचा मला फार राग येतो, ती आमची बोली आहे, चूक नाही. बोली वेगळी, नक्कल वेगळी.

घाटवाट
बरोबर, बोलीला कोणी चूक म्हणू नये.

अप्पर_बर्थ
मिडल बर्थची वेळ रात्री १० ते सकाळी ६ आहे. आठलाच उघडून झोपतात, मग खालच्या सीटवर आजीबाई मान वाकवून बसलेल्या. आधी विचारा ना त्यांना.